ध्वनिफितीवरची कविता : सैबेरियन पंक आणि संहितेचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी संशोधन-आराखड्यांची छाननी करणाऱ्या एका समितीसमोर माझ्या एका विद्यार्थ्याने आपला विषय मांडला होता. त्याला कॅसेटींवरून फिरलेल्या भीमगीतांचा वाङ्मयीन अभ्यास करावयाचा होता. ही गीते बहुतांशी कोणत्याही संग्रहात आलेली नव्हती. काहींचे कवी ज्ञात होते, काहींचे नव्हते. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी शांतपणे विचारले, ‘याची संहिता कोठे आहे?’ विद्यार्थ्याने पिशवीतून चार-पाच कॅसेटी काढून टेबलावर ठेवल्या. सभागृहात हशा पिकला आणि विषय नामंजूर झाला. पुढे त्याने ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहिला, पदवी मिळवली. मार्गदर्शक या नात्याने मी त्या दिवशी गप्प बसलो. प्रश्न मूर्खपणाचा होता म्हणून नव्हे, तर माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते म्हणून.

त्या प्रश्नाचा विचार करताना मला ज्या सामग्रीचा उपयोग झाला ती आपल्या नेहमीच्या वाचनकक्षेच्या पुष्कळच बाहेरची आहे. 1980 ते 1991 या दशकात सोव्हिएत संघात, विशेषतः सैबेरियातील ओम्स्क, नोवोसिबिर्स्क आणि त्यूमेन या शहरांत, भूमिगत पंक-संगीताची एक परंपरा उभी राहिली. रशियन मला कोशाच्या आधाराने वाचण्यापुरतेच येते आणि संगीताचा मी जाणकार नाही. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाने या सामग्रीकडे पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे. ‘पददलितांचे विद्रोही साहित्य’ असा शिक्का मारून ते पाहणे मात्र उपयोगाचे नाही. आपल्या संहिता-कल्पनेला या सामग्रीने कोठे अडचणीत आणले, तेवढे पाहिले तरी पुरे आहे.

सोव्हिएत साहित्याची आपली ओळख बव्हंशी मॉस्कोहून स्वस्तात येणाऱ्या सुबक पुस्तकांतून झाली. मराठी अनुवादातील ती पुस्तके माझ्या पिढीच्या बालपणात घरोघरी होती आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु या पुस्तकांमुळे एक समज घट्ट झाला. तेथे जे छापले जाते ते अधिकृत आणि जे छापले जात नाही ते सोल्झेनित्सिनसारख्यांचे, म्हणजे उघड विरोधाचे, अशी दुहेरी विभागणी आपण मनाशी करून घेतली. या दोहोंच्या मधला प्रदेश किती विस्तीर्ण होता याची कल्पना आपल्याला फारशी आली नाही. टंकलेखन यंत्रावर कार्बन घालून प्रती काढण्याची ‘समिझ्दात’ पद्धत आपल्या अभ्यासकांना नावाने तरी ठाऊक आहे. तिची जुळी बहीण ‘मॅग्नितिझ्दात’, म्हणजे चुंबकीय फितीवरून होणारे स्वयंप्रकाशन, मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येते.

टंकलेखन यंत्राचा संशय राज्यसंस्थेला होता. टेपरेकॉर्डर मात्र तिनेच कारखान्यांतून काढून दुकानांत विकावयास ठेवले. 1960 नंतर बुलात ओकुझावा, अलेक्सांद्र गालिच, व्लादीमिर विसोत्स्की या गायक-कवींची गाणी एका स्वयंपाकघरातील टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्या स्वयंपाकघरातील टेपरेकॉर्डरवर उतरवली जाऊ लागली. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्मांवर निषिद्ध संगीत कोरून विकले जाई. लोक त्या तबकड्यांना ‘हाडे’ म्हणत. बरगड्यांच्या छायाचित्रावर कोरलेले गाणे ही प्रतिमा इतकी बोलकी आहे की, प्रत्येक लेखक तिच्यापाशी थबकतो. मीही थबकलो. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने मात्र त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे : माध्यमाची दरिद्रता येथे कृतीच्या अर्थात मिसळून गेलेली असते.

1980 नंतरची परिस्थिती थोडी वेगळी होती. ध्वनिमुद्रिकांचे उत्पादन ‘मेलोदिया’ या सरकारी संस्थेकडे एकवटलेले होते. जाहीर कार्यक्रमासाठी प्रत्येक गीताची संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागे. त्या मंजुरीच्या शिक्क्याला गायकांच्या बोलीत ‘लितोव्का’ म्हणत. लेनिनग्रादमध्ये 7 मार्च 1981 रोजी रुबिन्स्टाइन मार्गावरील 13 क्रमांकाच्या इमारतीत रॉक क्लब सुरू झाला. त्याने तरुणांना व्यासपीठ दिले आणि त्याच वेळी त्यांना नजरेच्या टप्प्यात आणून ठेवले. या क्लबातही शब्द मंजूर करून घ्यावे लागत. म्हणजे समितीतील त्या सदस्यांचा प्रश्न, ‘संहिता कोठे आहे?’, तेथे अक्षरशः विचारला जात होता. ज्यांच्यापाशी कागदावर संहिता होती त्यांनाच गाता येत होते. हे सुचल्यावर मला जरा हसू आले आणि मग हसू थांबले.

नियंत्रणाचे तर्कशास्त्र किती विलक्षण होते याचा एक नमुना मानववंशशास्त्रज्ञ अलेक्सेय युर्चाक यांनी आपल्या ग्रंथात दिला आहे. 1985 च्या जानेवारीत युक्रेनमधील निकोलायेव्ह प्रांताच्या कोम्सोमोलने, म्हणजे युवक संघटनेने, नृत्यगृहांसाठी घातक परदेशी गायकांची यादी काढली. प्रत्येक नावासमोर दोष लिहिला होता. ‘सेक्स पिस्टल्स’समोर पंक आणि हिंसा, तर हुलिओ इग्लेसियस या प्रेमगीतांच्या गोड गायकासमोर नवफॅसिझम! युर्चाक यांचे म्हणणे असे की, अशा याद्यांनी बंदी तर घातलीच नाही. उलट यादीत नसलेले सारे चालते असा अर्थ निघाला. यादी म्हणजे ऐकण्याची मार्गदर्शिका झाली. लेनिनग्रादमधील पहिल्या पंक-गायकांची, विशेषतः 1979 मध्ये वाद्यवृंद काढणाऱ्या आन्द्रेय पानोवची, पंकशी ओळख अशीच झाली. पाश्चात्त्य तरुणांच्या अधोगतीवर कोरडे ओढणारे लेख सोव्हिएत नियतकालिकांतून येत, त्यांवरून. मूळ संगीत ऐकण्याआधी त्याची निंदा वाचलेली, आणि निंदेवरून मूळ कसे असेल याचा अंदाज बांधून आपले नवे मूळ निर्माण केलेले! प्रभाव-अभ्यास करणाऱ्या आपल्या संशोधकांनी या प्रकाराला कोणता वर्ग द्यावा हे मला अद्याप कळलेले नाही.

परंतु खरा वेगळेपणा सैबेरियात दिसतो. लेनिनग्रादमध्ये क्लब होता, परदेशी पाहुणे होते. 1986 मध्ये तेथील चार वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. आन्द्रेय त्रोपिलो यांच्यासारखा ध्वनितंत्रज्ञ बालतंत्रज्ञांच्या सरकारी केंद्रातील सामग्री वापरून उत्तम दर्जाच्या फिती तयार करीत होता. ओम्स्कमध्ये यातले काहीच नव्हते.

या शहरात 1964 मध्ये जन्मलेल्या इगोर लेतोवने (पुढे तो येगोर या नावाने प्रसिद्ध झाला) 1984 च्या नोव्हेंबरमध्ये कोन्स्तान्तिन र्‍याबिनोव या मित्रासह ‘ग्राझ्दान्स्काया ओबोरोना’ हा वाद्यवृंद स्थापन केला. या शब्दांचा अर्थ नागरी संरक्षण. सोव्हिएत शाळांतून मुलांना अणुहल्ल्याच्या वेळी तोंडाला मुखवटा कसा लावावा हे शिकवीत, त्या प्रशिक्षणाचे हे नाव. त्याचे लघुरूप ‘ग्रोब’ असे केले की त्याचा अर्थ होतो शवपेटी. सरकारी शब्दाला हात न लावता, केवळ आद्याक्षरे जोडून त्याच्या पोटातला दुसरा शब्द बाहेर काढावयाचा, ही लेतोवची रीत पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढचे सारे त्यातच बीजरूपाने आहे, असे मला वाटते.

वर्षभरात गुप्त पोलिसांनी चौकशी सुरू केली. र्‍याबिनोवची हृदयविकार असूनही सैन्यात रवानगी झाली. लेतोवला 1985 च्या डिसेंबरात मनोरुग्णालयात टाकण्यात आले आणि सुमारे तीन महिने त्याच्यावर जबर औषधांचा मारा झाला. ही त्या काळची रूढ पद्धत होती. याच प्रकारांमुळे टीकेचा धनी झालेल्या सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला 1983 मध्ये जागतिक संघटनेतून बाहेर पडावे लागले होते. वेड लागू नये म्हणून आपण तेथे लिहीत राहिलो, असे लेतोवने नंतर सांगितले आहे. येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला दानिईल खार्म्स आठवल्यावाचून राहणार नाही. 1928 च्या सुमारास लेनिनग्रादमध्ये निघालेल्या ‘ओबेरिउ’ या असंगतवादी कविगटाचा हा कवी 1942 मध्ये तुरुंगाच्या मनोरुग्ण विभागात मरण पावला. त्याचा सहकारी अलेक्सांद्र व्वेदेन्स्की हा लेतोवचा आवडता कवी. या दोघांची हस्तलिखिते याकोव द्रुस्किन या मित्राने लेनिनग्रादच्या वेढ्यातून वाचवली, म्हणून ती उरली. तेव्हा लेतोवची परंपरा लंडनच्या पंकपेक्षा या न छापलेल्या रशियन कवितेशी अधिक जवळची आहे. तीन स्वरसंघातांचे गाणे, कर्कश गिटार, ओरडून म्हटलेले शब्द हे बाहेरून आले. शब्दांची जात घरची आहे.

1987 च्या एप्रिलमध्ये नोवोसिबिर्स्कच्या रॉक महोत्सवातील त्यांच्या कार्यक्रमाने मोठी खळबळ उडाली. सोबती पांगले. त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी लेतोवने ओम्स्कमधील आपल्या सदनिकेत एकट्याने पाच अल्बम ध्वनिमुद्रित केले. आधी ढोल वाजवून घ्यावयाचे, ती फीत लावून तिच्यावर बास गिटार चढवावयाची, तिच्यावर गिटार, तिच्यावर आवाज. घरगुती टेपरेकॉर्डरवर अशा प्रत्येक थराबरोबर फितीची खरखर वाढत जाते, वरचे आणि खालचे स्वर झिजतात, शब्द धुक्यातून आल्यासारखे येतात. पुढे हीच फीत प्रतीवरून प्रत, प्रतीवरून प्रत अशी देशभर गेली आणि प्रत्येक टप्प्यावर खरखरीची आणखी एक पुटे चढली.

प्रथम ऐकणाऱ्याला हे असह्य वाटते, मलाही वाटले. सामग्रीच्या अभावामुळे दर्जा घसरला असे म्हणून पुढे जावे असा मोह होतो. परंतु लेतोवने दर्जाची तक्रार करण्याऐवजी या कर्कशतेचाच सिद्धान्त केला. गिटारची वाकवलेली, फाटलेली वीज, आवाजाला दिलेला घोगरा प्रतिध्वनी हे निवडीचे भाग आहेत. ‘मेलोदिया’च्या ध्वनिमुद्रिकांवरील स्वच्छ, घोटीव आवाज हा त्या काळी राज्यसंस्थेचा आवाज होता. आकाशवाणीवर बातम्या देणारा आवाज आणि प्रेमगीत गाणारा आवाज यांच्या शुद्धतेचे प्रमाण एकच होते. त्या स्वच्छतेविरुद्ध येथे खरखर हे विधान झाले. कवितेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही खरखर या गीतांचा छंद आहे. मर्ढेकरांच्या ओळीतून तुटक, यांत्रिक लय काढून टाकली तर जसे केवळ आशयाचे पोते उरेल, तसेच या गीतांतून फितीचा आवाज वजा केला तर होईल.

आता शब्दांकडे वळू. 1987-88 मधील अल्बमांची नावेच पाहावीत. एकाचे नाव ‘खोरोशो!!’, म्हणजे ‘छान!!’. मायाकोव्स्कीने क्रांतीच्या दशकपूर्तीला लिहिलेल्या दीर्घकाव्याचे हेच नाव, फक्त येथे उद्गारचिन्हे दोन झाली आहेत. दुसऱ्याचे नाव निकोलाय ओस्त्रोव्स्कीच्या, आपल्याकडेही एके काळी आवडीने वाचल्या गेलेल्या, पोलाद कसे घडले ते सांगणाऱ्या कादंबरीच्या नावावर बेतलेले. केवळ ‘कसे’च्या जागी ‘असे’ आले आहे. 1988 चे सर्वांत गाजलेले गीत ‘सगळे योजनेप्रमाणे चालले आहे’ या अर्थाच्या सरकारी वाक्याचेच नाव धारण करते. गीताचा निवेदक बंडखोर नाही. दूरचित्रवाणीसमोर बसलेला, वर्तमानपत्रातले शब्द तोंडात घोळवणारा, बायकोशी भांडणारा, लेनिन आणि साम्यवादी भविष्य यांविषयी ऐकलेले सारे अर्धवट खरे मानणारा एक सामान्य नागरिक आहे. नाट्यात्म स्वगताचा हा प्रकार आहे. कवी आणि निवेदक यांत अंतर आहे. परंतु ते किती आहे हे कवी सांगत नाही. म्हणूनच हे गीत काहींना उघड टवाळी वाटले, काहींना हुंदका वाटला आणि पुढे, सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, काहींना चक्क त्या काळाची आठवण जागवणारे गीत वाटू लागले.

रशियनमध्ये या रीतीला ‘स्त्योब’ असा शब्द आहे. उपहास किंवा उपरोध म्हणून त्याचे भाषांतर केले तर नेमके मर्म हरवते. उपरोधात बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात एक गुप्त करार असतो. खरा अर्थ उलटा आहे हे दोघांनाही ठाऊक असते. स्त्योबमध्ये हा करारच नसतो. युर्चाक यांच्या विवेचनाप्रमाणे अधिकृत भाषेशी इतके अतिरेकी तादात्म्य साधले जाते की, पाठिंबा कोठे संपतो आणि चेष्टा कोठे सुरू होते हे सांगता येऊ नये. सेर्गेय कुर्योखिनने 1991 मध्ये लेनिनग्राद दूरचित्रवाणीवर लेनिन हा मुळात एक कवकाचा प्रकार होता हे अत्यंत गंभीर चेहऱ्याने, ‘पुरावे’ देत सिद्ध केले, तो याचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना. त्यापेक्षा मला लेतोव, र्‍याबिनोव आणि ओलेग सुदाकोव यांचा ‘कम्युनिझ्म’ हा प्रकल्प अधिक महत्त्वाचा वाटतो. 1988 ते 1990 या काळात या तिघांनी अनेक अल्बम केले आणि त्यांतील पुष्कळशा संहिता त्यांनी लिहिलेल्याच नाहीत. अधिकृत कवींच्या देशभक्तिपर कविता, सैनिकांच्या तोंडी फिरणारी गाणी, जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील सुरावटी असे जे जे हाताला लागले ते त्यांनी उचलले आणि विचित्र ध्वनींच्या शेजारी ठेवले. मूळ शब्द तसाच ठेवून तो कोण म्हणतो आणि कशाच्या शेजारी म्हणतो, एवढेच बदलले.

1988 च्या एका अल्बमचे नाव आहे ‘सुलेइमान स्ताल्स्की’. हा दागेस्तानचा लेझ्गी भाषेतला लोककवी. निरक्षर होता, कविता तोंडी रचीत असे. मॅक्झिम गॉर्कीने त्याला विसाव्या शतकाचा होमर म्हटले आणि त्याच्या स्तालिन-स्तुतीच्या कवनांची रशियन रूपांतरे सर्वत्र छापली गेली. मौखिक परंपरेतला कवी अशा रीतीने सरकारी मुद्रणाचा अलंकार झाला. अर्धशतकानंतर ओम्स्कमधील तिघांनी त्याचे नाव पुन्हा ध्वनिफितीवर, म्हणजे एका अर्थी पुन्हा तोंडावर, आणले. मौखिकता म्हणजे लोक आणि मुद्रण म्हणजे सत्ता असे सरळ समीकरण मांडणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांनी या प्रवासाकडे जरूर पाहावे. आपल्याकडेही अण्णा भाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ आहे. गायला जाणारा, हजारोंच्या सभेत ऐकला जाणारा, आणि तरी पक्षाच्या कार्याशी घट्ट जोडलेला. तो वर्गात शिकवताना आपण छापील पानावरच शिकवतो आणि डफ, तुणतुणे व झीलकरी यांच्याविषयी एक वाक्य बोलून पुढे जातो.

यान्का द्यागिलेवाविषयी मला अधिक लिहावेसे वाटते. परंतु तिच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण तिच्या मृत्यूपासूनच सुरुवात करतो आणि मग गीतांना त्या मृत्यूची भविष्यवाणी ठरवतो. मला ते मान्य नाही. तिचा जन्म 1966 चा, नोवोसिबिर्स्कचा. 1987 मध्ये दुसऱ्यांदा मनोरुग्णालयात जाण्याची वेळ येऊ नये म्हणून लेतोव पळाला, तेव्हा ती त्याच्याबरोबर रस्त्यावरच्या गाड्यांना हात करीत देशभर भटकली. 1988 ते 1991 या अवघ्या तीन-साडेतीन वर्षांत तिची गीते ध्वनिमुद्रित झाली. 1991 च्या मे महिन्यात तिचा देह इन्या नदीत सापडला, वय 24.

तिच्या गीतांत रशियन लोकपरंपरेतील विलापगीताची, लग्नात आणि मरणात स्त्रियांनी म्हणावयाच्या आक्रोशाची लय आहे. म्हणी, बडबडगीते, सरकारी सूचनाफलक यांचे तुकडे ती एकमेकांत असे गुंफते की, जात्यावरच्या ओवीत माहेर-सासर येते तितक्या सहजपणे तिच्या ओळीत ट्रामची तार आणि दवाखान्याची फरशी येते. पंकच्या पुरुषी आरडाओरडीत हा स्वर अगदी वेगळा उमटतो. तिची अनेक गीते दोन रूपांत मिळतात : एकदा केवळ साध्या गिटारवर, एकदा लेतोवच्या वाद्यवृंदाच्या विजेच्या गदारोळात. शब्द तेच. पहिल्या रूपात ती आपल्याशी बोलते असे वाटते. दुसऱ्यात ती कोसळणाऱ्या घरातून हाक मारते असे वाटते. यांपैकी मूळ संहिता कोणती? दोन कविता की एक? या जागी मला समितीतील प्रश्नाचे उत्तर दिसू लागले. संहिता नाही असे नव्हे. संहिता एकाहून अधिक आहेत. पाठचिकित्सेचे शास्त्र आपण ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर घडवले आहे. जेथे मूळ प्रत उपलब्ध नाही आणि पाठभेद पुष्कळ आहेत, तेथे काय करावे हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. कॅसेट पाहिल्यावर मात्र आपण ते शास्त्र विसरतो.

येथवर वाचून, 1960 नंतरच्या मराठी लघुअनियतकालिकांशी या चळवळीची तुलना करण्याचा मोह कोणालाही होईल. एका परिसंवादात मी ती केलीही होती. आता ती मला उथळ वाटते. ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी अनियतकालिके प्रस्थापित मासिकांच्या आणि प्रकाशकांच्या अभिरुचीविरुद्ध होती. सायक्लोस्टाईल करून अंक वाटणाऱ्यास मनोरुग्णालयात जावे लागत नव्हते. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तो उघड न्यायालयात चालला आणि ते निर्दोष सुटले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 मध्ये तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने बाहेर आला. उलट रशियन शिवराळ भाषा सोव्हिएत मुद्रणात उमटूच शकत नव्हती. त्यामुळे लेतोवच्या गीतातील शिवी ही केवळ शिवी नसून, हे शब्द छापील जगात जन्मलेले नाहीत याची खूण होती. साम्य शोधावयाचेच तर ते भाषेच्या स्तरांची सरमिसळ करण्याच्या रीतीत शोधावे. परिस्थितीत ते नाही. पाश्चात्त्य पत्रकारांनी मांडलेला, गिटारने साम्यवाद पाडला हा सिद्धान्तही असाच सोयीचा आहे. भूमिगत गायकांपैकी बहुतेकांना राजकीय विरोधक म्हणवून घेण्यात रस नव्हता. 1983 मध्ये ‘वोस्क्रेसेनिये’ या वाद्यवृंदाच्या अलेक्सेय रोमानोवला अटक झाली, ती कवितेसाठी नव्हे. बेकायदा खाजगी धंद्याच्या आरोपावरून.

आणि मग लेतोवचे पुढचे आयुष्य आहे, जे विद्रोहाच्या चाहत्यांना गिळवत नाही. 1990 मध्ये, नेमकी लोकप्रियता शिगेला पोचत असताना, त्याने वाद्यवृंद मोडला. नंतरच्या एका अल्बमला त्याने मार्केझच्या एकांताच्या कादंबरीचे नाव दिले. 1993 मध्ये येल्त्सिनने संसदेवर तोफा डागल्यानंतर तो नव्या सत्तेच्या विरुद्ध, म्हणजे साम्यवादी आणि राष्ट्रवादी यांच्या विचित्र युतीच्या बाजूने, उभा राहिला. एदुआर्द लिमोनोव आणि अलेक्सांद्र दुगिन यांच्या राष्ट्रीय बोल्शेविक पक्षाच्या आरंभीच्या सदस्यांत त्याचे नाव आहे. या पक्षावर 2007 मध्ये अतिरेकी म्हणून बंदी आली. लेतोव मात्र त्याआधीच पक्षापासून दूर झाला होता. या राजकारणाचे समर्थन मी करणार नाही. त्या पक्षाच्या निशाणावरील वर्तुळ कोणत्या निशाणावरून घेतले होते, हे पाहिले तरी पुरे आहे. ‘तो तर स्त्योब होता’ असे म्हणून त्याची सुटका करणारे समीक्षक मला पळपुटे वाटतात. तादात्म्याचा खेळ दीर्घकाळ खेळणाऱ्याला आपण अजून खेळतो आहोत की नाही हे कळेनासे होऊ शकते, ही शक्यता या रीतीच्या गाभ्यातच आहे. सत्तेच्या भाषेत शिरून ती आतून पोखरता येते, आणि ती भाषा आपल्यालाही पोखरते.

याउलट, आधीची गीते या राजकारणाच्या प्रकाशात वाचून बाद करणेही मला पटत नाही. 2002 मध्ये लेतोवने सोव्हिएत काळातील चित्रपटगीते व लोकप्रिय गीते गाऊन एक संपूर्ण अल्बम काढला. त्यात टवाळी नाही. ज्या भाषेला त्याने पंधरा वर्षांपूर्वी फाडले तिच्यावर त्याचे प्रेमही होते, हे ते ऐकताना ध्यानात येते आणि मग 1988 चे ते दूरचित्रवाणीसमोरचे स्वगत पुन्हा ऐकावेसे वाटते. त्यातला हुंदका खोटा नव्हता. आपली समीक्षा ‘विद्रोही’ हे विशेषण कवीला एकदा चिकटवते आणि मग त्याच्या प्रत्येक ओळीला त्याच पदावर नोकरी करावयास लावते. ढसाळांच्या उत्तरायुष्यातील राजकीय भूमिकांविषयी आपण जी अवघडलेली मौने पाळली, त्यांचे कारणही हेच आहे असे मला वाटते.

1994 मध्ये लेतोव, द्यागिलेवा आणि र्‍याबिनोव यांच्या रचनांचा एकत्र संग्रह मॉस्कोत छापला गेला. आता संहिता होती; कोणत्याही समितीसमोर ठेवता येईल अशी. मी ती गीते पानावर वाचली. काही कविता म्हणून उत्तम उभ्या राहतात. यान्काच्या तर बहुतेक. काही मात्र पानावर अगदी मुक्या होतात. ज्या जागी फितीवर घसा फाटतो त्या जागी छापील पानावर केवळ तीच ओळ चौथ्यांदा येते. 2008 च्या 19 फेब्रुवारीला 43 व्या वर्षी लेतोवचा ओम्स्कमध्ये मृत्यू झाला. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत त्याने आपले जुने अल्बम स्वतः दुरुस्त करून, पुष्कळशी खरखर काढून पुन्हा प्रसिद्ध केले होते. कवीने स्वतः केलेला हा अखेरचा पाठ. पाठचिकित्सेचा नियम लावला तर तोच प्रमाण मानावा लागेल. परंतु व्लादिवोस्तोकपासून कीवपर्यंत ज्यांनी 1988 मध्ये ही गीते ऐकली, त्यांनी सातव्या-आठव्या प्रतीवरची, अर्धे शब्द गिळलेली फीत ऐकली होती आणि न ऐकू आलेले शब्द स्वतः भरून घेतले होते. त्या ऐकणाऱ्यांची संहिता ती होती. मी दोन्ही ऐकल्या आहेत आणि वर्गात लावावयाची झाली तर जुनी लावीन.

माझा तो विद्यार्थी आता एका तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी त्याला कॅसेटींविषयी विचारले. चारांपैकी दोनच उरल्या आहेत, असे तो म्हणाला. एकीची फीत ताणली गेली आहे आणि तिच्यावरचा आवाज आता खालच्या पट्टीत, संथ येतो. मी त्याला ती तशीच उतरवून ठेवण्यास सांगितले आहे, आणि कोणत्या घरातून, कोणाच्या प्रतीवरून, कोणत्या वर्षी ती घेतली हे आठवेल तेवढे कव्हरवर लिहून ठेवण्यासही.